दुधी गळतो तेव्हा खताच्या आधी घड्याळ बघा

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर दोन दुधी आणि एक दोडका लावला. वेल मांडवभर पसरलेत, फुलं रोज येतात. पण बोटाएवढे दुधी धरतात आणि चार दिवसांत पिवळे पडून गळतात. आतापर्यंत अकरा गेले. रोज सकाळी आठ वाजता ब्रशने परागीभवन करते. डीएपी दोनदा घातलं, ताक-गूळ दिलं, अंड्याची टरफलं घातली. आता एकांनी बोरॉन फवारायला सांगितलंय. फवारू का?"

ताई, बोरॉन नको. डीएपीही थांबवा. तुम्ही मेहनत भरपूर घेतली आहे, आणि हाताने परागीभवन करायला हवं हेही बरोबर ओळखलंत. चुकली आहे ती फक्त वेळ. दुधीचं फूल सकाळचं नाही, संध्याकाळचं आहे.

मी नाशिकला राहत्या घराच्या गच्चीवर १९ वर्षं वेलभाज्या घेते. पहिल्या दोन पावसाळ्यांत माझी अवस्था हुबेहूब तुमच्यासारखी होती. काकडीला सकाळी नरफूल लावायचं हे शिकले होते, म्हणून तोच नियम दुधीला लावत होते. सकाळी वर जायचे तेव्हा फुलं मलूल, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. मला वाटायचं, वेलाला ताकद कमी पडतेय, आणि मी खत वाढवायचे. २००८च्या पावसाळ्यात एकदा संध्याकाळी वीज गेली, घरात उकडत होतं म्हणून सगळे गच्चीवर येऊन बसलो. साडेसात झाले असतील. काळोखात मांडवावर पांढरी शुभ्र फुलं लख्ख उमललेली होती, आणि एक लांब सोंडेचा करडा पतंग एकेका फुलापुढे हवेतच थांबून आत सोंड घालत होता. तोवर एकही दुधीचं फूल मी पूर्ण उमललेलं पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी नरफूल लावायला लागले, आणि त्या हंगामात पहिल्यांदा घरचा दुधी खाल्ला.

आता तुमचा खरा प्रश्न नीट मांडू. "दुधी धरतात आणि गळतात" असं आपण म्हणतो, पण ते दिसतं तसं नसतं. दुधीच्या एकाच वेलावर नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळी येतात. नरफुलाचा देठ लांब, बारीक आणि सरळ. मादीफुलामागे जन्मतःच एक लवदार, इवलासा दुधी असतो. तो म्हणजे फळ नव्हे, तो बीजकोश. फूल उमलायच्या आधीपासून तो तिथेच असतो. पराग पोचला तर त्याचं फळ होतं. नाही पोचला तर वेल त्याला पोसत नाही, टोकाकडून पिवळा पडून तो वाळतो. म्हणजे तुमचे अकरा दुधी बहुधा धरलेच नव्हते. न धरलेल्या फळाला खत देऊन ते टिकत नाही, म्हणून मी डीएपी थांबवा म्हटलं. उलट त्यात १८ टक्के नत्र असतं. कुंडीत नत्र जास्त झालं की वेल पानांचा पसारा करतो, नरफुलांवर नरफुलं काढतो आणि मादीफुलं मागे पडतात. ताक-गुळाने नुकसान नाही, पण या दुखण्यावर ते औषधही नाही. टरफलं कुजायला महिनोन् महिने लागतात. बोरॉनचं परागनलिका, म्हणजे परागातून बीजकोशाकडे जाणारी बारीक नळी, वाढण्यात काम असतं हे खरं आहे, पण कमतरता आणि विषबाधा यांच्यात त्याची मर्यादा फार अरुंद असते. ४० लिटरच्या कुंडीत हाताचा अंदाज थोडा चुकला तरी पानांच्या कडा करपतात.

वेलवर्गातल्या प्रत्येक भाजीचं घड्याळ वेगळं आहे, हे एकदा मनात बसलं की अर्धं काम झालं. लाल भोपळा पहाटे उमलतो आणि ऊन चढलं की नऊ-दहाच्या सुमाराला मिटायला लागतो. काकडी आणि कारलं सकाळचं. घोसाळं भल्या सकाळी. आणि त्याचाच सख्खा भाऊ असलेला दोडका मात्र दुपार कलल्यावर, पाच ते आठच्या दरम्यान उमलतो. दोघांची फुलं पिवळीच, पानंही सारखी, त्यामुळे माणसं हमखास फसतात. पडवळाची झालरवाली पांढरी फुलं संध्याकाळची, दुधीची संध्याकाळची. म्हणजे ताई, तुमचा दोडकाही सकाळच्या फेरीत बसत नाही. तुमचे तिन्ही वेल संध्याकाळचे आहेत. ढगाळ, गार हवेत या वेळा थोड्या पुढेमागे होतात, म्हणून घड्याळावर पूर्ण विसंबू नका. पाकळ्या सपाट उघडल्या आहेत का आणि नरफुलाला बोट लावल्यावर पिवळसर पूड बोटाला लागते का, हे बघा. पूड लागली नाही तर अर्धा तास थांबा.

करायचं कसं? ब्रश मी वापरतच नाही. त्याच्या केसांत बराच पराग अडकून राहतो. संध्याकाळी साडेसहा ते आठच्या मध्ये टॉर्च घेऊन वर जा. नुकतं उमललेलं नरफूल देठासकट खुडा, त्याच्या पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका, की मधली परागाची दांडी मोकळी होते. ती मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून गोल फिरवा. मादीफुलाचं मधलं टोक तीन भागांचं, चिकट असतं. तिन्ही भागांना पराग लागायला हवा. एकाच बाजूला लागला तर दुधी त्या बाजूने फुगतो आणि दुसरीकडून खपाटीला जातो. एक ताजं नरफूल दोन मादीफुलांना पुरतं, पण नरफुलं मुबलक असतील तर मी एकीला दोन नरफुलं लावते. जमलं तर एका वेलाचं नरफूल दुसऱ्या वेलाच्या मादीफुलाला लावते. तसं करायलाच हवं असं नाही, एकाच वेलावरचंही चालतं.

लावून झालं की त्या देठाजवळ लोकरीचा धागा सैल बांधा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख लिहा. ही सवय फार मोलाची आहे. कुठलं फूल लावलं होतं, कुठलं राहिलं, हे तीन दिवसांनी आठवत नाही, आणि मग पुन्हा सगळा दोष खताच्या माथी जातो. परागीभवन साधलं असेल तर दोन-तीन दिवसांत छोट्या दुधीचा देठ जाड होतो, दुधी तजेलदार हिरवा दिसतो आणि वजनाने मान खाली घालतो. नसेल साधलं तर तोवर टोक पिवळं पडलेलं असतं. साधलेला दुधी भाजीसाठी साधारण १२ ते १५ दिवसांत काढणीला येतो. नखाने सालीवर सहज चरा उमटतो तोवरच काढा.

पावसाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ठाण्याला श्रावणात तोच मोठा अडसर आहे. भिजलेला पराग कामाचा राहत नाही, आणि नेमका सात वाजता पाऊस येतो. मी असं करते: साडेपाचला मांडवाखाली फेरी मारायची. आज उमलणाऱ्या कळ्या ओळखू येतात, त्यांचं पांढरं टोक हिरव्या आवरणातून बाहेर डोकावत असतं. नरकळ्या दोन-तीन देठासकट खुडून घरात पाण्याच्या वाटीत ठेवायच्या. त्या घरातच उमलतात, पराग कोरडा राहतो. मादीकळीवर वर्तमानपत्राच्या जाड कागदाची उलटी पुडी किंवा कापलेली प्लॅस्टिकची बाटली अडकवायची. पावसाची सर ओसरली की पुडी काढून पराग लावायचा आणि पुडी परत घालायची. सकाळी काढून टाकायची. संपूर्ण हंगामात असे दिवस आठ-दहाच येतात, पण त्या आठ-दहा दिवसांत मादीफुलं असली तर ते दुधी वाचतात.

आजोळी गोठ्याच्या कौलांवर दुधीचा वेल चढलेला असायचा. त्याला कोणी कधी हात लावला नाही, तरी दुधी शेजारीपाजारी वाटावे लागायचे. तिथे रात्री अंधार होता आणि पतंग होते. आपल्या इमारतींच्या गच्च्यांवर रात्रभर पांढरे दिवे जळतात, पतंग दिव्याभोवती फिरत राहतात, डासांसाठी धूरफवारणी होते. म्हणून आपल्याला त्या पतंगाचं काम हाताने करावं लागतं. तुमच्या गच्चीवरचा दिवा सात ते नऊ बंद ठेवता आला तर ठेवा. माझ्याकडे तेवढ्यानेही फरक पडला. आणि निंबोळी अर्क फवारायचा असेल तर सगळीकडे "संध्याकाळी फवारा" असं सांगतात, ते काकडी-कारल्याला बरोबर आहे. दुधी, दोडका, पडवळ यांना मात्र पहाटे, उन्हाआधी फवारा. संध्याकाळी फवारलात तर नेमक्या उमलत्या फुलांवर फवारा बसतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण तुमची गच्ची मी पाहिलेली नाही. वेळ बदलून दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर कारण दुसरं आहे. ते शोधायला एकच साधी गोष्ट करा: गळलेला दुधी फेकू नका, उभा चिरा. आतून स्वच्छ, पांढरट, नुसता सुकलेला असेल तर पराग पोचला नव्हता. आत बारीक पांढऱ्या अळ्या किंवा तपकिरी कुजकट रेघ असेल तर ती फळमाशी. तिची बाहेरची खूण म्हणजे सालीवर सुईने टोचल्यासारखा डाग आणि त्यावर डिंकाचा थेंब. टोचलेला दुधी तिथे वाकडा होतो. अळ्या असलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका आणि मातीत पुरू नका, त्या मातीतच कोषात जातात आणि पुढची पिढी तयार होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस उन्हात ठेवा, मग टाका. परागीभवन झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोवळ्या दुधीवर कागदी किंवा जाळीची पिशवी चढवणं हा गच्चीसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय. गंधसापळा आणणार असाल तर दुकानात "वेलभाज्यांची फळमाशी, क्यू-ल्यूर" असं नीट सांगा. आंबा-पेरूच्या फळमाशीचा सापळा मिथाइल युजेनॉलचा असतो, तो वेलवर्गीय भाज्यांना उपयोगी पडत नाही. तो टांगून "सापळा लावला तरी माशी जात नाही" म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. हे सापळे नरमाश्यांना ओढतात, त्यामुळे सापळा असला तरी पिशवी लागतेच.

तिसरी शक्यता, आणि कुंडीत ही बरीच आढळते: पराग पोचला, दुधी मूठभर झाला आणि मग गळला. अशा वेळी वेलावर आधीच मोठे दुधी किती आहेत ते बघा. ४० लिटर मातीतला वेल माझ्या अनुभवात एका वेळी दोन, फार तर तीन दुधी नेटाने वाढवतो. तयार दुधी "आणखी मोठा होऊ दे" म्हणून ठेवला की मागचे कोवळे वेल स्वतःच सोडून देतो. वेळेवर काढणी हेच त्याचं उत्तर. पाण्याची ओढाताणही तेच करते. चार दिवस धो-धो पाऊस, मग चार दिवस उघडीप आणि कडक ऊन, अशा वेळी "पावसाळा आहे" म्हणून आपण पाणी घालत नाही आणि एवढ्या पानांचा वेल दुपारी कुंडी कोरडी करतो. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कुंडीची भोकं मात्र उघडी हवीत, मुळं पाण्यात बसली तर पानं पिवळी पडतात आणि मग नुसतं परागीभवन सुधारून भागत नाही.

आणि ऊन. याला पर्याय नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाच्या कामातून हे सगळ्यांच्या मनावर ठसवलं की पीक म्हणजे पानांनी गोळा केलेलं ऊन. दुधीला रोज पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर वेल लांबतो, फुलंही दाखवतो, पण फळ पोसण्याइतकं त्याच्याकडे काही नसतं. तुमचा वेल गच्चीवर आहे, त्यामुळे ही अडचण नसावी. खिडकीच्या जाळीत दुधी लावणाऱ्यांना मी तोंडलीचा वेल लावायला सुचवते. आपण लावतो तो तोंडलीचा वेल मादीच असतो, फांदीपासून करतात आणि परागाशिवायही फळ धरतो. अर्धवट उन्हातही थोडीफार तोंडली देतो.

थ्रीजी कटिंगबद्दलही, म्हणजे शेंडे खुडत तिसऱ्या पिढीच्या फांद्या काढण्याबद्दलही, पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. मुख्य वेलावर नरफुलं जास्त आणि बाजूच्या फांद्यांवर मादीफुलं जास्त, हे दुधीच्या बाबतीत खरं आहे. त्यामुळे वेल मांडवाच्या उंचीला पोचला, सहा-सात फुटांचा झाला, की शेंडा खुडावा. बगलफुटी फुटतात, त्यांवर मादीफुलं येतात. फुटव्यांचे शेंडे पुन्हा खुडून तिसऱ्या पिढीपर्यंत जाणं जमिनीतल्या वेलाला ठीक, कुंडीतल्या वेलाला मी ते करत नाही. ४० लिटरच्या वेलावर तीस मादीफुलं आणून करायचं काय, तो तीन पोसणार. तुमची अडचण मादीफुलं कमी ही नाहीच, अकरा येऊन गेली आहेत. आता मांडवभर पसरलेल्या वेलाची टोकं तेवढी खुडा आणि खालची पिवळी, भुरी आलेली पानं काढून हवा खेळती करा.

ज्यांच्याकडे नुसतीच नरफुलं आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. पेरणीपासून ४०-४५ दिवसांनी आधी नरफुलंच येतात, मादीफुलं त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. तेवढा धीर धरा. मोठा दिवस आणि कडक उष्णता नरफुलं वाढवते. माझी मावसबहीण न्यू जर्सीत अंगणात दुधी लावते. तिथे जून-जुलैत रात्री साडेआठपर्यंत उजेड, त्यामुळे वेल नुसता नरफुलांनी भरतो आणि मादीफुलं दिवस लहान व्हायला लागल्यावर, ऑगस्टच्या उत्तरार्धात येतात. ती आता रोपं घरातच एप्रिलमध्ये तयार करते, म्हणजे फळ वाढायला थंडीआधी पुरेसे दिवस मिळतात.

तर ताई, तुमच्यापुरता क्रम असा ठेवा. आजपासून फेरी सकाळची नाही, संध्याकाळची. तीन आठवडे डीएपी नाही, फवारणी नाही. पंधरवड्यातून एकदा दोन ओंजळी मुरलेलं कंपोस्ट, मूठभर निंबोळी पेंड आणि मिळाली तर अर्धी मूठ लाकडाची राख, एवढं पुरे. धाग्याची खूण आणि तारीख. गळालाच तर चिरून बघायचा. आणि परागीभवनानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत्येक दुधीवर पिशवी.

पहिला दुधी काढाल तेव्हा एक काळजी नक्की घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते. भाजी किंवा रस करण्याआधी कच्ची छोटी फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका, चूळ भरा आणि तो अख्खा दुधी टाकून द्या. कडूपणा कुकुरबिटासिन या वेलभाज्यांतल्या विषारी द्रव्यामुळे असतो, तो शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही कडू रस अजिबात पिऊ नये असंच सांगितलं आहे. घरचा आहे, विषारी औषध मारलेलं नाही, म्हणून तो सुरक्षितच असेल असं धरू नका. पाण्याचा ताण पडलेला किंवा आपोआप उगवलेल्या बियांचा वेल कडू निघू शकतो.

बी धरायचं असेल तर नुसतं हाताने परागीभवन पुरत नाही, कारण रात्री पतंग दुसऱ्या कुणाच्या दुधीचा पराग आणू शकतो. त्यासाठी नर आणि मादी दोन्ही कळ्या उमलायच्या आधी दोऱ्याने हलक्या बांधा, संध्याकाळी सोडून पराग लावा आणि मादीफूल पुन्हा बांधा. हे फक्त सरळ वाणाला, म्हणजे राहुरी कृषी विद्यापीठाच्या 'सम्राट' किंवा बंगळुरूच्या 'अर्का बहार'सारख्यांना. तुमच्या पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर बी धरू नका, पुढच्या वेलाचे दुधी तसे निघणार नाहीत. पाकीट अजून असेल तर वाणाचं नाव मला कळवा, आणि पुढचा दुधी गळला तर उभा चिरून त्याचा फोटोही.